देविदासचा पॅच

"पुन्हा तेच!" हुमाने लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की शिलाई मशीनवर बसलेल्या तिच्या अब्बांचा, नासिरमियांचा, पाय थांबला.

"कोण, तो लातूरवाला?" नासिरमियांनी विचारलं.

"तोच. एक चूक दाखवली की ती दुरुस्त करतो आणि शेजारी नवी करून ठेवतो. डोकं उठवलंय नुसतं!"

हुमा नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकली, काही वर्षं पुण्यात राहिली आणि अब्बांची बायपास झाल्यावर नांदेडला परत आली. आता काम घरूनच. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो अगदी आतला गाभा असतो, कर्नेल, त्याच्या एका कोपऱ्याची ती राखणदार होती. कुठून कुठून लोक त्यात बदल सुचवत. त्या बदलाला पॅच म्हणायचं. तो वाचायचा, चुका काढायच्या आणि पटला तरच खाली आपल्या नावाने लिहायचं: तपासले, मान्य. हुमाची ही ओळ दिसली की वरचे लोक फारसं न बघता पॅच आत घेत.

तिचा कोपरा क्लस्टर रेडचा. म्हणजे अनेक कॉम्प्युटर मशिनी मिळून त्याच दोन डिस्क वापरतात. एकीवर लिहिलं ते दुसरीवरही लिहायचं. एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत. सगळं सुरळीत असताना हे कुणालाही जमतं. खरी कसोटी एखादी मशीन मध्येच बंद पडते तेव्हा. तिचं अर्धवट काम दुसरीने नेमकं तिथूनच उचलायला हवं. जरा चुकलं तर जुनी माहिती नव्यावर जाऊन बसते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

त्या लातूरवाल्या देविदासची चूक हटकून तिथेच असायची. कधी दुसऱ्या मशीनने मध्येच लिहू नये म्हणून कुलूप लावलेलं आणि उघडायचं विसरलेलं. कधी कॉपी उलट्या दिशेने. बाकीचा कोड मात्र स्वच्छ, वाचायला छान.

हुमाने खरमरीत लिहून पाहिलं. "हे दवाखान्यांत चालतं. लोकांचे रिपोर्ट असतात त्यावर. असा कच्चा माल पाठवू नका."

त्याचं उत्तर लगेच आलं, तिला एकटीला, मराठीत. "चुकलं माझं मॅडम. म्या निलंग्याकडचा खेड्यातला गडी. तुमाला लई तरास द्यायलोय. हे सगळं बघायला किती येळ गेला तुमचा?" आणि सोबत नवा पॅच. नव्या चुकीसकट.

तो एकदा तरी चिडला असता, भांडला असता, तर तिला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्याला गप्प करता येतं. हा नुसता माफी मागायचा.

शेवटी त्याने फोन केला. "एक डाव समोर बसून समजावा न मॅडम. मेलवर डोक्यात शिरत न्हाई."

"मी काय शिकवणी घेते का?" फोन ठेवल्यावर ती अब्बांवरच उखडली.

"जाऊन ये, बेटा," नासिरमिया म्हणाले. "खालाकडे जायचंच आहे तुला लातूरला. तुला पण कुणीतरी बसून शिकवलंच होतं ना?"

लोहा, अहमदपूर करत बस लातूरला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. देविदासची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिशीतला हसरा माणूस, अंगात साधा सदरा. "या मॅडम, या. ए राजू, पाणी आण गं," त्याने आत हाक मारली. डोक्यावर पदर घेतलेली राजकन्या, त्याची बायको असावी, तांब्या घेऊन आली.

हुमाने वेळ न घालवता सुरुवात केली. कागदावर दोन डिस्क काढल्या, तीन मशिनी काढल्या, एक मशीन खोडली. "ही मेली. आता पुढं काय?"

देविदासने मान हलवली, कोड बदलला. चूक. हुमाने पुन्हा समजावलं. त्याने पुन्हा बदलला. दुसरीच चूक.

"अहो, आत्ता तर सांगितलं!"

"हाव मॅडम, हाव. डोस्कं चालंना झालंय माझं."

राजकन्येने भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला आणली, चहा आणला. "ताई, दमलात का?" तिने मायेने विचारलं. हुमाचे डोळे जळजळत होते. दुपार कलली. खालाचे, तिच्या मावशीचे, दोन फोन येऊन गेले.

मग त्याने आणखी एक पॅच पुढे केला. हुमा ओळीमागून ओळ वाचत गेली. मशीन बंद पडते त्या जागी ती थबकली. काहीतरी खटकत होतं.

"इथं बरोबर आहे ना?"

"तिन्ही मशिनीवर चालवून पाहिलं मॅडम." तो खाली बघत म्हणाला, "हे मान्य झालं तर कंपनीवाले मला कामावर घेतो म्हणलेत. न्हाई झालं तर मग गावाकडंच जायचं."

राजकन्या दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

हुमाने एक मोठा श्वास सोडला. असेल बरोबर. इतक्यांदा समजावलंय, एकदा तरी बरोबर येणारच. तिने आपल्या नावाने ओळ लिहिली, तपासले, मान्य, आणि पाठवून दिली. सकाळपासूनचं ओझं उतरल्यासारखं झालं. या गरिबाचं भलं झालं, असंही वाटलं.

"अभिनंदन," ती म्हणाली.

देविदास ताठ बसला. राजकन्येने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"राजकन्या मॅडम, वेळेची नोंद करा," तो म्हणाला. "हुमाताई, तो पॅच ताबडतोब मागे घ्या. शेवटची चूकही आम्ही मुद्दामच ठेवली होती. दमलेला तपासनीस कितव्या खेपेला मान्य म्हणतो, एवढंच आम्हाला संशोधनासाठी पाहायचं होतं."