न पिणाऱ्याचा तोल

राजमतीनं आज पुन्हा नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. लवंग नाही, वेलदोडा नाही, दारूचा तर मागमूस नाही. पण धाकटा दीर पारस म्हणाला होता, "वास न येणारीबी मिळती हल्ली, वयनी." त्या एका वाक्यानं तिची झोप उडवली होती.

धरणेंद्र पन्नाशीचा. कांदा-लसूण न खाणारा, दिवस मावळल्यावर न जेवणारा आष्ट्याचा जैन शेतकरी. पण गेले सहा महिने चालताना त्याची झोकांडी जायची. शर्टाची बटणं लागायची नाहीत. पुतणीच्या लग्नात पंगतीला वाढताना आमटीची बादली हातातून सुटली आणि व्याह्यांचं धोतर न्हाऊन निघालं. मग काय, गावाला आयतंच कोलीत मिळालं. सुरुवातीला धरणेंद्र चिडायचा, शपथा घ्यायचा. पुढं पुढं गप्प बसू लागला. गप्प बसला म्हणजे कबूलच झाला, असं ठरवून लोक मोकळे झाले.

चातुर्मासासाठी गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनी महाराज उतरले होते. त्यांच्यासमोर, चार माणसांदेखत, नवऱ्याला दारू सोडायचा नियम घ्यायला लावायचा, असं राजमतीनं मनाशी पक्कं केलं.

"घेतो नियम," धरणेंद्र म्हणाला. "कवा घेतलीच न्हाई, ती सोडतो. तुझ्या जिवाला थंडावा मिळू दे."

तिला ते लागलं. तरी ती थांबली नाही.

बस्तीसमोरच्या पारावर नाथाजी बसला होता. हा गावातला नामांकित पिणारा. सकाळी तेवढा शुद्धीत सापडायचा. दोघं पुढून गेली तसा तो मागून ओरडला, "वयनी, थांबा! ह्यांची चप्पल मागं ऱ्हायली!"

धरणेंद्र एका पायानं अनवाणीच चालला होता. त्याला पत्ताच नव्हता.

नाथाजी चप्पल घेऊन आला आणि धरणेंद्रच्या पायांकडं बघतच राहिला. "आवं वयनी, ह्ये पिल्यालं न्हाईत. आमी पाय कुठं पडतोय ते बघतोय व्हय कधी? ह्ये एकेक पाऊल बघून टाकत्यात. आन आमची सकाळी उतरती. ह्यांची उतरतच न्हाई. म्हाराजांकडं नगं, डाक्टरकडं न्या."

राजमती बस्तीच्या पायरीवरून माघारी वळली.

सांगलीच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय दाखवला. मणके ओळीतून सरकले होते आणि त्यांच्यात मज्जारज्जू चिमटला होता. हातापायांना निरोपच नीट पोचत नव्हता. "आणखी दोन महिने गेले असते, तर कायमचे अंथरुणाला खिळले असते," डॉक्टर म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं हे?" राजमतीला असं रडू फुटलं, की नाव सांगता येईना.

ऑपरेशन झालं. मणके ओळीत आणून जोडले. तीन महिन्यांनी धरणेंद्र मानेला पट्टा बांधून, पण कुणाचा आधार न घेता, नाथाजीच्या दारात उभा राहिला. शेजारी राजमती, हातात नारळ आणि टॉवेल-टोपी. नाथाजी घरी नव्हता. त्याच्या बायकोनं कोपऱ्यावरच्या देशी दारूच्या दुकानाकडं बोट दाखवलं.

धरणेंद्र रस्त्यातच थबकला. "चारचौघं बघतील गं."

"न जाता बदनाम झालासा," राजमती म्हणाली. "आज जाऊन हुया. चला."

दोघांना आत आलेलं बघून नाथाजीनं गडबडीनं ग्लास पाठीमागं लपवला. "आवं, हितं कशाला आलासा? लोक काय म्हणतील!"

बाकावरची माणसं उठून उभी राहिली. धरणेंद्रनं नाथाजीच्या खांद्यावर टॉवेल ठेवला, डोक्यावर टोपी घातली, हातात नारळ दिला. एवढं सगळं करताना हातातून काहीही सुटलं नाही. पायाही पडला असता, पण मान वाकवायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

तेव्हा भर दारूच्या दुकानात, दोघांच्या वतीनं, राजमती नाथाजीच्या पायाशी वाकली.