जिन्याजवळचा भोंगा

"त्या पोरीचा भोंगा बंद करून टाक," सरांनी वायरमनला सांगितलं. "आज पाहुणे यायचेत. मला कटकट नको."

"कुठला भोंगा, साहेब?"

"जिन्याजवळचा लाल. वायर तोड आणि मोकळा हो."

वायरमन नवा होता. नक्की तोडू ना, असं त्याने पुन्हा विचारलं. सर खेकसले, तसा तो पक्कड घेऊन निघाला.

सुट्टीत विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेण्याचं काम सरांकडे होतं. साऱ्या जगावर कोसळू शकणारी संकटं कशी टाळावीत, हा विषय. कुणी महामारी घेतली, कुणी अणुयुद्ध, एकाने तर आभाळातून आदळणारा धोंडा घेतला. या पोरीने काय घ्यावं? धोक्याची सूचना मिळूनही माणसं जागची हलत का नाहीत, हे म्हणे तिला शोधायचं होतं. संचालकांची परवानगी काढून तिने जिन्याजवळ खिळ्याला एक लाल डबी टांगली होती. मनात येईल तेव्हा ती वाजवायची आणि कोण उठतं ते बघायची.

डबी पहिल्यांदा किंचाळली तेव्हा सर अनवाणी पळत आवारात पोचले होते, सगळ्यांच्या आधी. मागून आलेली पोरं तोंड लपवून हसली. ते हसू सरांच्या मनातून काही गेलं नाही. तेव्हापासून ही पोरगी त्यांच्या डोळ्यांत सलत होती. तिचं लिखाण ते न वाचताच परत करायचे. एकदा ती डबीतले सेल बदलताना दिसली, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "खेळून झालं की थोडा अभ्यासही करा."

पुढेपुढे डबी वाजली तरी कुणी मान वर करेना. मागच्या खेपेला तर ती पोरगी "खरंच आग लागलीय" म्हणत दारं ठोठावत फिरली. एक माणूस हलला नाही. तिचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि सरांना राग होता तो त्याचाच.

दुपारी पाहुणे आले. हे काम पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते त्यांच्या हातात होतं. सरांनी वरच्या खोलीच्या दाराला आतून कडी घातली आणि जगाच्या अंतावर बोलायला उभे राहिले. ऐन रंगात आले होते, तेवढ्यात भोंगा वाजला.

म्हणजे त्या गाढवाने वायर तोडलीच नव्हती.

पाहुणे चुळबुळ करत उठायला लागले. सरांनी हात जोडून त्यांना बसवलं. एका विद्यार्थिनीचा प्रयोग आहे, आपण उठलो की तिचं फावतं, असं सांगितलं.

दारावर धपाधप थापा पडल्या. "सर, बाहेर या. या वेळी खरं आहे. पाया पडते तुमच्या."

"नाटक बरं करते," सर म्हणाले. पाहुणे हसले. बाहेर ती खोकत होती. थोड्या वेळाने थापा थांबल्या.

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्यांनी पाहुण्यांसमोरच वायरमनला फोन लावला. "सकाळी तुला एक काम सांगितलं होतं."

"केलं ना, साहेब." वायरमनला धाप लागली होती. मागे गलका ऐकू येत होता. "वायरवाला लाल भोंगा तिथं एकच होता, तो तोडला. तो इमारतीच्या आगीचा निघाला. बरं झालं, पोरीची डबी सेलवर चालते. धूर बघून तिनेच ती वाजवली. मग आम्हालाही धूर दिसला, सगळे खाली आवारात आलोय, साहेब. तुम्ही कुठे आहात?"