टाळ्यांचा मासा

"टाक की जाळं, गेनू! पाहुणे खोळंबलेत," वनरक्षक शेलार पर्यटकांच्या होडीतून खेकसला.

गेनू भोई गोंधळला. पाखरांच्या याच अभयारण्यात जाळं टाकलं म्हणून याच शेलारनं त्याला परवा बडवलं होतं. "साहेब, बंदी उठली काय?"

"डोकं खाऊ नको. पक्षी बघून झाले, आता यांना मासेमारीचे फोटो पायजेत. मासा घावला तर परत सोडायचा."

पोटासाठी टाकलं की चोर अन् फोटोसाठी टाकलं की कलाकार? गेनूला काही उमजेना. त्यानं जाळं टाकलं. चांगला हातभर रोहू घावला. टाळ्या पडल्या.

"सोड आता!"

घरी पोरं नुसत्या भातावर दिवस काढत होती. गेनूनं मासा धरून हात पाण्यात घातले. पण सोडायचा म्हणजे बोटं कशी उघडायची, तेच त्याला कळेना.