उपाशी शेड

हातातली पोह्यांची बशी खाली न ठेवताच दिग्विजयने मृणालला आणि तिच्या वडिलांना पोल्ट्री दाखवायला नेलं. वडिलांना हे स्थळ फार पसंत होतं.

शेडमध्ये कोंबड्या रिकाम्या भांड्यांवर चोची आपटत होत्या. “यांना खायला नाही?” मृणालने विचारलं.

“मुद्दाम बंद केलंय,” तो चावत चावत म्हणाला. “उपाशी ठेवलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी अंड्यांची संप्रेरकं सोडायची थांबते. अंडी बंद, पिसं झडतात. मग खायला घातलं की म्हाताऱ्या कोंबड्याही नव्याने अंड्यावर येतात. डोकं लागतं याला.”

“आणि मधेच मरतात त्या?”

“त्या तशाही निकामीच.” त्याने पुढचा घास घेतला.

सकाळपासून मृणालला त्याची थोडी भीती वाटत होती. आता नुसती किळस वाटली. दारापाशी खाद्याचं पोतं होतं. त्याचं तोंड सोडून ती ओंजळीने भांडी भरू लागली.

“अहो, सगळं वाया जाईल,” म्हणत दिग्विजय आडवा आला. वडिलांनी त्याला हाताने बाजूला केलं आणि पोतं उचललं.

“सरका,” ते म्हणाले. “आम्हाला मुलगी जड झालेली नाही.”