दोन की दोघं

गाडीचं दार उघडंच टाकून फिडेल्मा स्वयंपाकघरात शिरली. गॉलवेच्या दवाखान्यातून निघाल्यापासून दीड तास ती एकच वाक्य घोकत आली होती. ती डब्लिनची, इंग्रजीत वाढलेली. पण ही बातमी सासूला सासूच्या आयरिशमध्येच सांगायची, असं तिनं ठरवलं होतं.

सासू, बॅबीन, बटाटे सोलत होती.

"दोन आहेत," फिडेल्मा धापा टाकत म्हणाली.

"दोनच? मी तीन पाव सांगितले होते."

"पाव विसरले मी. डॉक्टरांनी सांगितलं. दोन आहेत."

"दिवसाला दोन ना? मग घे वेळेवर. गोळ्या चुकवू नयेत या दिवसांत."

फिडेल्मा थबकली. कुठं चुकलं ते तिला आता कळलं. या भाषेत वस्तू मोजायचे आकडे निराळे आणि माणसं मोजायचे निराळे. गेल्या रविवारी चर्चबाहेर तिनं पाच शेजारणी कोंबड्यांसारख्या मोजल्या होत्या, तेव्हा बॅबीननं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "मग अंडी किती?"

माणसांसाठीचा शब्द जिभेवर येईना. सोनोग्राफीच्या पडद्यावरचे ते दोन लुकलुकते ठिपके तिनं डोळ्यांपुढे आणले.

"बेर्च," ती म्हणाली. "दोघं आहेत."

"हां, आता बरोबर," बॅबीन म्हणाली. मग तिच्या हातातली सुरी थांबली. "दोघं?"

"दोघं."

बॅबीननं ओल्या हातांनीच सुनेचा चेहरा धरला. मग तिला ओढतच ती खिडकीशी गेली. तिथं बोटींशी बोलायचा वायरलेस होता. कोलीन सकाळपासून समुद्रावर होता.

"तूच सांग नवऱ्याला. आणि नीट सांग पोरी, खाडीतल्या सगळ्या बोटी ऐकताहेत."

फिडेल्मानं बटण दाबलं. या वेळी शब्द मुळीच अडला नाही.

"कोलीन, दोघं आहेत."

नुसती खरखर. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा खरखर. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग आवाज आला, तो कोलीनचा नव्हता. त्याच्या बोटीवरचा म्हातारा फेहीन बोलत होता.

"ऐकलं त्यानं. जाळं दिलं सोडून आणि खोक्यावर बसलाय. हसतोय की रडतोय, मला काही कळेना. जरा थांबा."

"म्हणजे आजची मासळी गेली," बॅबीन म्हणाली, आणि वायरलेसजवळ दोन खुर्च्या ओढून त्यातल्या एकीवर बसली.