दहावी फोड

उषाबाईंनी मोसंबी सोलली. नऊ फोडी धाकट्या लेकीच्या, तृप्तीच्या ताटलीत पडल्या. दहावी त्यांनी थोरल्या वंदनापुढं धरली.

"घे गं."

"दे तिलाच."

उषाबाईंनी ती फोड आपल्याच पुढ्यात ठेवली.

वंदनानं मोजलं होतं. लहानपणापासून ती मोजतच आली होती. सायीची वाटी तृप्तीला. पंख्याखालची खाट तृप्तीला. जालन्याच्या दवाखान्याची एसटी तृप्तीला, आणि त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी थापायच्या वंदनानं.

तृप्तीला बाराव्या वर्षी जिना चढवेना. मग उंबरा ओलांडवेना. आता एकतिसाव्या वर्षी ती भिंतीला टेकून बसे आणि पापण्या बोटानं वर धरून बघे. वंदना तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. सोयाबीनचं पोतं एकटी उचलणारी.

समोर खुर्चीवर डॉक्टर मोनाली बसल्या होत्या. या आजाराच्या संशोधनासाठी त्या संभाजीनगरहून तीर्थपुरीला येत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दोघी बहिणींच्या हातावरची तांदळाच्या दाण्याएवढी कातडी तपासायला नेली होती. आता वंदनाची आणखी एकदा हवी होती.

आठवडाभरात आईचे चार फोन आले होते. दिवाळीला बोलवायचं असेल, असं वंदनाला वाटलं. सोयाबीनची सोंगणी अर्धी टाकून ती घनसावंगीहून जीपनं आली. साडीवर घातलेला नवऱ्याचा शर्टही अंगात तसाच राहिला. फोन कशासाठी होते ते तिला इथं आल्यावर कळलं.

तिनं शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली. "कातडी लागली तवा लेक आठवली व्हय? मोसंबी सोलून झाली, आता मला सोला हिच्यासाठी."

"अक्का," तृप्ती म्हणाली, "एवढं वाटून राह्यलं तर बदलून घे. साय तुला, पाय मला."

वंदनानं बाही मुठीत धरून ठेवली. ती आईकडं वळली. "आजपस्तोर मला काय दिलंस गं तू?"

उषाबाई सालं गोळा करत राहिल्या.

मोनालींनी फाइल उघडली. "ताई, तुमचा रिपोर्ट सांगायचाय. बाहेर जाऊन बोलू या का?"

"हितंच सांगा. ऐकू द्या समद्यांला."

"तृप्तीच्या पेशींत जो दोष आहे, तोच तुमच्याही पेशींत आहे."

"मला तर काईच व्हत न्हाई!"

"म्हणून तर आले. पेशीत ताकद तयार करणाऱ्या बारीक बारीक चुली असतात, असं समजा. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. त्या तुम्हा दोघींच्याही बिघडतात. तुमच्या पेशी बिघडलेली चूल मोडतात आणि तिच्याच मातीची नवी घालतात. तृप्तीच्या पेशींना ते जमत नाही. मोडक्या चुली साचत जातात. तुमच्या पेशी हे कसं करतात ते कळलं, तर तिच्यासारख्यांसाठी कदाचित काही करता येईल."

"पण हे आलं कुठून? बापाकडून?" वंदनानं विचारलं.

मोनालींनी फाइल मिटली. "नाही. हा दोष बापाकडून येत नाही."

उषाबाईंचा हात सालांवरच राहिला. "मंग म्या दिला?"

"तुमची यात काही चूक नाही, मावशी. ते कुणाच्या हातात नसतं."

"दोघींला?"

"हो. दोघींना सारखाच."

उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. हुंदक्यांतून शब्द नीट फुटेनात. "तुला बी दिलं गं म्या, वंदे. तिच्याइतकंच दिलं. बराबर दिलं."

तीस वर्षं वंदनाला हेच वाक्य ऐकायचं होतं. तिनं आईच्या पुढ्यातली दहावी फोड उचलून तोंडात टाकली आणि बाही कोपराच्या वर सरकवली.