मायचा वास

दिव्यानं मंगलीच्या गळ्याशी नाक नेलं, हुंगलं आणि ती मागं सरली.

“हे माही माय नोहे,” ती म्हणाली आणि बालगृहाच्या मयुरी मॅडमच्या ओढणीआड जाऊन उभी राहिली.

मंगली उकिडवीच बसून राहिली, हात पुढे केलेले. सकाळपासून तिनं काय कमी केलं होतं? शिकेकाईनं केस धुतले, वासाच्या साबणानं अंग घासलं, वच्छलाबाईंचं हिरवं पातळ मागून नेसली. वच्छलाबाई हे घर चालवायच्या. धानोऱ्याच्या टोकाला, दारूपायी रस्त्यावर आलेल्या कोवळ्या आयांचं घर. गेल्या मोहाच्या हंगामात मंगलीला त्यांनी बल्लारपूरच्या फलाटावरून उचलून आणलं, तेव्हा ती शुद्धीत नव्हती आणि लेक तिच्या गळ्यात हात टाकून झोपली होती. आई इथं आली, लेक बालगृहात गेली. आता पुन्हा मोहफुलं पडायला लागली होती.

“काऊन नोहे गं?” वच्छलाबाईंनी दिव्याला विचारलं. “नीट पाह्य ना. मायच हाये तुही.”

“मायले वास येते,” दिव्या म्हणाली. “इले नाई येत.”

लेकरू कोणत्या वासाचं म्हणतंय, ते सगळ्यांना कळलं होतं. मंगलीनं मान खाली घातली. वच्छलाबाईंच्या मनात आलं, पोर वर्षभर दारूला शिवली नाही, त्याचं हे फळ?

मयुरी मॅडम काही वाईट नव्हत्या. “आज ती तुमच्याजवळ आली तर ठेवून जाते, मंगलीताई,” त्या म्हणाल्या. “पण रडवून नाही ठेवता येणार. नाहीच आली, तर मग पावसाळ्यानंतर बघू.”

मंगली उठली. फाटकाबाहेर गेली आणि रस्ता ओलांडून लहानूच्या अंगणात शिरली.

जिल्ह्यात दारूबंदी होती, म्हणून लहानू अंगणात नुसती मोहफुलं वाळत घालायचा. दारूची भट्टी घरामागं. साऱ्या गावाला ठाऊक, आणि कोणालाच ठाऊक नाही. त्या अंगणावरून जाताना मंगली वर्षभर नाकाला पदर लावून गेली होती. आज सरळ आत गेली. हाक मारावी असं वच्छलाबाईंना वाटलं, पण त्यांनी मारली नाही. फाटकाला कुलूप लावायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. घराचा नियम एकच. दिवेलागणीला प्रत्येकीचं तोंड हुंगायचं, आणि वास आला की तिची पिशवी फाटकाबाहेर. या नियमापायी मागं त्यांनी चंचल नावाच्या पोरीला काढलं होतं. ती पुढं कुठं गेली, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

मंगली परतली. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून पुन्हा उकिडवी बसली. दिव्यानं ओढणीआडून नाक वर केलं. एक पाऊल पुढं आली, थांबली, अजून एक आली. मंगलीच्या पदरात तिनं नाक खुपसलं आणि दोन्ही हातांनी गळ्याला मिठी घातली.

“कुठी गेल्ती, माय?”

मंगली लेकीला थोपटत राहिली. थोड्या वेळानं दिव्या तिच्या खांद्यावर झोपली. मयुरी मॅडमनी समाधानानं डोळे पुसले.

वच्छलाबाईंना मात्र दारातच वास आला होता. मोहाचा. त्या आत गेल्या आणि खुंटीवरची मंगलीची पिशवी काढली. एकीला सूट दिली तर बाकीच्या पोरींना काय तोंड दाखवायचं? आणि ही पोर या पिशवीनिशी जाणार तरी कुठं? लेक तर आत्ता कुठं बिलगली होती. पिशवीत एक जुनं लुगडं आणि दिव्यासाठी शिवलेलं झबलं होतं. ती हातात घेऊन त्या बाहेर आल्या.

“मंगली, तोंड उघड.”

मंगलीनं पिशवीकडं पाहिलं आणि मुकाट्यानं तोंड उघडलं. वच्छलाबाई वाकल्या. हुंगलं. पुन्हा हुंगलं. दुपारच्या वरणभाताशिवाय कसलाच वास नव्हता.

मंगलीनं लेकीचं डोकं हलकेच सरकवलं आणि पदर बाजूला केला. गळ्याला, खांद्याला मोहफुलं चुरडून चोळलेली होती.

“लहानूनं गिलास पुढं केल्ता, बाई. मी फुलंच आणली,” ती म्हणाली. “पोरीले माहा दुसरा वास वळखीचा होईपर्यंत मले हे रोज लावा लागन. तुमी माहं तोंड हुंगणं तेवढं सोडू नका.”